फ्लॅश मारला की मागचा हॉल जातो कुठे?

ताईच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. मस्त हॉल घेतला होता, मागे झेंडूच्या माळा, फुलांचा धनुष्यबाण, झोपाळ्याला गजरे गुंडाळलेले, वर सगळीकडे पिवळ्या लाइटच्या माळा, आणि मी माझा नवाकोरा डीएसएलआर गळ्यात अडकवून अगदी प्रोफेशनलसारखा फिरत होतो. रात्री लॅपटॉपवर फोटो उघडले तर भाची गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखी पांढरीफटक आणि तिच्यामागे मिट्ट काळोख. ताई मागून बघत होती, म्हणाली, "अरे सजावटीला एवढे पैसे घातले ती कुठंय? ही काय लोडशेडिंगमध्ये बसलीये का?"

कॅमेरा खराब नव्हता, फ्लॅशही नीट पडला होता. मी डायल हिरव्या ऑटोवर ठेवून निवांत झालो होतो आणि कॅमेऱ्याने त्याच्या अकलेप्रमाणे जे करायचं ते केलं. ते नेमकं काय केलं हे कळायला मला पुढे दोनेक वर्षं लागली, कारण जिथे बघावं तिथे एक्स्पोजर ट्रँगल, म्हणजे शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांचा मेळ, समजावलेला असतो आणि फ्लॅश आला की सगळे म्हणतात "फ्लॅश वाईट दिसतो, वापरू नका". फ्लॅश वाईट नसतो हो. एक गोष्ट डोक्यात बसली की डायलवरची सगळी अक्षरं आणि फ्लॅशच्या मेनूतली सगळी चिन्हं आपोआप उलगडतात.

ती गोष्ट अशी, की फ्लॅश लावून काढलेला फोटो म्हणजे एकाच चौकटीत दोन फोटो असतात. एक खोलीतल्या उजेडाचा, दुसरा फ्लॅशच्या उजेडाचा, आणि दोन्ही एकमेकांवर पडलेले.

नळाखाली बादली ठेवलीये असं समजा. नळाची धार बारीक आहे, म्हणजे हॉलमधला उजेड. बादली जितका वेळ नळाखाली राहील तितकं पाणी जमणार, तो वेळ म्हणजे शटर स्पीड. आता मध्येच कुणीतरी येऊन एक तांब्या पाणी भस्सकन ओतून गेलं, तो फ्लॅश. बादली अर्धा मिनिट ठेवा नाहीतर पाच मिनिटं ठेवा, तांब्यातून आलेलं पाणी तेवढंच. फ्लॅशचा लखलखाट साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात आटोपतो, आणि शटर तर १/६० किंवा १/३० सेकंद उघडं असतं, म्हणजे फ्लॅशच्या मानाने ते कितीतरी वेळ उघडंच आहे. म्हणून शटर कमीजास्त केलं की फक्त मागचा हॉल उजळ किंवा काळा होतो, फ्लॅशने उजळलेला चेहरा आहे तसाच राहतो. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत येण्याचं भोक, आपल्या बादलीचं तोंड, ते लहान केलं की धारही कमी आत जाणार आणि तांब्यातलंही बाहेर सांडणार, म्हणजे त्याचा परिणाम दोन्हींवर, आणि आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, त्याचंही तसंच. फ्लॅशची पॉवर मात्र फक्त तांब्याचा आकार बदलते.

डोहाळजेवणाला काय झालं ते आता सरळ आहे. ऑटोने फ्लॅश उडवला आणि हात हलून फोटो हलू नये म्हणून शटर १/६० च्या खाली जाऊ दिलं नाही. १/६० मध्ये हॉलच्या पिवळ्या माळांचं पाणी बादलीत जमणार किती? तळ ओला होण्याइतकं. भाचीवर मात्र तांब्याभर पडलं.

आता डायलकडे. कॅननवर पी, टीव्ही, एव्ही, एम असतं आणि निकॉनवर तेच अनुक्रमे पी, एस, ए, एम. माझ्या पुतण्याने एकदा विचारलं होतं की काका यात टीव्ही पण दिसतो का, तर तो टीव्ही म्हणजे टाइम व्हॅल्यू, शटरचा वेळ तुम्ही ठरवायचा आणि अ‍ॅपर्चर कॅमेरा बघून घेणार. एव्ही त्याच्या उलट. पी मध्ये दोन्ही कॅमेरा ठरवतो पण आयएसओ, फ्लॅश वगैरे तुमच्या हातात राहतं, आणि एम मध्ये दोन्ही तुम्ही. बाकी पोर्ट्रेट, स्पोर्ट्स, फूड असली चित्रं असतात त्यांच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, एक सोडून. चांदणी असलेला माणूस, म्हणजे नाइट पोर्ट्रेट. त्या मोडमध्ये कॅमेरा फ्लॅश पण मारतो आणि शटर पण जास्त वेळ उघडं ठेवतो, म्हणजे तांब्या पण ओततो आणि बादली पण नळाखाली राहू देतो. मी त्या दिवशी नुसती डायल फिरवून तो मोड लावला असता तरी झेंडूच्या माळा दिसल्या असत्या, फक्त कॅमेरा घट्ट धरायला लागला असता.

यालाच स्लो सिंक म्हणतात, आणि इथे कॅनन आणि निकॉन यांचा एक घोळ आहे जो माझ्यामते प्रत्येकाला कॅमेरा विकतानाच सांगायला पाहिजे. कॅननच्या एव्ही मोडमध्ये फ्लॅश उघडला तर कॅमेरा आपणहून स्लो सिंक करतो, म्हणजे तो मागचा उजेड मोजून त्याला लागेल तेवढा वेळ शटर उघडं ठेवतो, मग अंधाऱ्या हॉलमध्ये ते अर्धा सेकंदही होईल आणि तुम्ही म्हणाल फ्लॅश असूनही फोटो हलला कसा. निकॉनचा ए मोड तसं करत नाही, तो १/६० ला अडून बसतो, आणि स्लो हवं असेल तर विजेच्या चिन्हाचं बटण दाबून धरून चकती फिरवून स्लो असं निवडावं लागतं. त्यामुळे निकॉनवाला मित्र कॅननवाल्याला "ए वर ठेव की, काही होत नाही" असं सांगतो आणि दोघांचे फोटो वेगळे येतात, मग भांडण लेन्सवरून. कॅननमध्ये हा स्वभाव बदलता येतो, मेनूत एव्ही मोडमधल्या फ्लॅश सिंक स्पीडचं सेटिंग असतं, तिथे १/२०० ते १/६० असा पर्याय निवडायचा. आणि निकॉनच्या एस किंवा एम मोडमध्ये स्लो हा पर्याय शोधत बसू नका, तो नसतोच, कारण तिथे शटर तुम्हीच ठरवताय, हवं तेवढं स्लो तुम्हीच करा.

मी स्वतः घरगुती कार्यक्रमाला सरळ एम वापरतो. एम म्हटलं की लोक घाबरतात, पण फ्लॅशसोबत एम सगळ्यात सोपा आहे, कारण एम मध्ये सुद्धा कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश ऑटोमॅटिकच चालतो! बटण दाबलं की तो आधी एक बारीकसा चाचणी फ्लॅश मारतो, तो चेहऱ्यावर आपटून किती परत आला ते लेन्समधूनच मोजतो आणि मग खरा फ्लॅश तेवढ्या मापाचा सोडतो, याला टीटीएल म्हणतात. म्हणजे चेहऱ्याची काळजी फ्लॅश घेतो, तुम्ही फक्त मागचं बघायचं. ट्यूबलाइट असलेल्या घरात मी आयएसओ ८००, एफ ४.५ (एफ हा अ‍ॅपर्चरचा आकडा, जितका मोठा तितकं तोंड लहान) आणि १/५० असं धरून सुरू करतो, फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढतो, मागचं थोडं काळपट पण ओळखू येईल असं आलं की बास, मग फ्लॅश उघडायचा. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा मायनसकडे दिसेल, दिसू दे, त्याला फ्लॅशचा हिशोब कळत नाही. १/५० च का, तर आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, आणि १/५० किंवा १/१०० ठेवलं की स्वस्तातल्या एलईडीखाली फोटोत जे आडवे पट्टे येतात ते बरेच कमी होतात.

एवढं करूनही चेहरा पांढरा येतोय? मग तांब्या लहान करा. फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन असं लांबलचक नाव आहे, विजेचं चिन्ह आणि शेजारी प्लस मायनस, ते कधी मेनूत असतं कधी क्विक स्क्रीनवर. मी ते उणे एकवर ठेवतो आणि विसरून जातो. साधं प्लस मायनसचं बटण ते हे नव्हे, ते वेगळं. सगळ्या कॅमेऱ्यात मला सगळ्यात उपयोगी पडलेलं सेटिंग हे, आणि तरी डीएसएलआर असलेल्या माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना ते आहे हेच माहीत नव्हतं.

आता फ्लॅश पोचतो किती लांब? कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा उघडणारा फ्लॅश अगदीच चिमुकला. त्याची ताकद गाइड नंबरमध्ये सांगतात, एंट्री लेव्हलच्या कॅननचा आयएसओ १०० ला साधारण ९. या ९ ला एफ नंबरने भागायचं, आलं ते मीटरमध्ये अंतर. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स झूम केली की एफ ५.६ होते, ९ भागिले ५.६ म्हणजे दीड मीटर आणि वर थोडं. बस्स, एवढंच! आयएसओ ४०० केलं की हे अंतर दुप्पट होतं, १६०० केलं की चौपट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आतबाहेर. वानखेडेवर मॅच चालू असताना गॅलरीतून चमचम फ्लॅश उडतात बघा, तो उजेड पुढच्या चार रांगांतल्या लोकांच्या टकलावर संपतो, खेळपट्टीपर्यंत काही जात नाही. नाटकाला तर नकोच, पोचतही नाही आणि नटाच्या डोळ्यांवर मात्र येतो. आणि अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदीच आहे, तिथे जाण्याआधी तो बंद कसा करायचा हे घरीच शिकून घ्या, ऑटोमध्ये तो न विचारता उघडतो. डायलवर विजेच्या चिन्हावर काट मारलेला मोड असतो तो लावायचा, नाहीतर पी.

अंतराचा अजून एक भाग म्हणजे उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो. पहिली रांग दोन मीटरवर आणि मागची चार मीटरवर असेल तर मागच्यांना निम्मा नाही, पाव उजेड मिळतो. सहा मीटरवर नववा हिस्सा. म्हणून ग्रुप फोटोत खुर्चीवर बसलेल्या आज्या ट्यूबलाइटसारख्या उजळ आणि मागे उभे असलेले जावई अंधारात, यात कुणाचा काही राग नाही, गणित आहे. उपाय साधा, तुम्ही मागे सरका आणि लोकांना एकमेकांना चिकटवा, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या रांगेच्या अंतरातला फरक प्रमाणात कमी होतो. मागे सरकल्यावर आयएसओ मात्र वाढवा.

आता सगळ्यात मजेचा भाग, मिरवणूक. पुण्यात विसर्जनाला लक्ष्मी रोडवर ढोल पथक चाललंय, रात्र झालीये, ढोलवाला हात उगारतोय. ऑटोने काढाल तर गोठलेला हात आणि मागे काळोख, म्हणजे ढोल वाजतोय की नुसता उभा आहे ते कळत नाही. टीव्ही किंवा एस मोडला जा, शटर १/१५ करा, आयएसओ ४००, फ्लॅश उघडा. शटर उघडं असताना लाइटिंग आणि गुलाल यांचे रेघोटे येतात आणि फ्लॅश ज्या क्षणी पडतो त्या क्षणीचा ढोलवाला त्यात कोरल्यासारखा लख्ख उमटतो. पण पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझे फोटो काहीतरी विचित्र वाटायचे, पुढे धावणारी पोरं मागे धावल्यासारखी दिसायची. कारण फ्लॅश कधी पडतो हेही ठरवता येतं. शटरमध्ये दोन पडदे असतात, पहिला सरकला की फोटो टिपणारा सेन्सर उघडा होतो, दुसरा सरकला की झाकला जातो. नेहमी फ्लॅश पहिला पडदा पूर्ण उघडल्याबरोबर पडतो, त्याला फर्स्ट कर्टन म्हणतात, म्हणजे माणूस आधी कोरला जातो आणि नंतर तो जिथे जिथे जाईल तिथे रेघोटा उठतो, त्याच्या पुढे. सेकंड कर्टन, निकॉन आणि सोनीच्या भाषेत रिअर, लावलं की आधी रेघोटा आणि मिटायच्या जरासं आधी फ्लॅश, मग रेघोटा माणसाच्या मागे राहतो, चित्रकथेत धावणाऱ्याच्या मागे रेषा काढतात ना तसा. १/३० पेक्षा वेगात मात्र दोन्हींत फरक दिसत नाही, उगाच लावू नका. अजून एक, सेकंड कर्टनला शटर खूप स्लो असेल तर दोन वेळा फ्लॅश दिसतो, आधी तो चाचणीचा आणि शेवटी खरा, आणि समोरचा माणूस पहिल्यालाच "झाला" म्हणून हलतो.

त्या दोन पडद्यांमुळेच अजून एक भानगड आहे, सिंक स्पीड. शटर फार वेगात चाललं तर पहिला पडदा पूर्ण उघडायच्या आतच दुसरा मिटायला निघतो, म्हणजे सेन्सर एका क्षणी सगळा उघडा कधीच नसतो, नुसती एक फट सरकत जाते. अशा वेळी फ्लॅश पडला तर फोटोचा एक भाग उजळ आणि बाकी काळा पट्टा. म्हणून फ्लॅश उघडा असताना कॅमेरा तुम्हाला १/२०० च्या वर जाऊच देत नाही, काही मॉडेलमध्ये १/२५०. बाहेरून लावलेला स्वस्तातला मॅन्युअल फ्लॅश असेल तर मात्र कॅमेऱ्याला पत्ताच नसतो, तो जाऊ देतो आणि काळा पट्टा येतो, आणि मग लोक फ्लॅश परत करायला दुकानात जातात. तसा फ्लॅश घेण्याआधी कॅमेऱ्यावरचा हॉट शू, म्हणजे फ्लॅश बसवायची खाच, एकदा बघाच, काही स्वस्त मॉडेलमध्ये मधली पिन दिलेलीच नाही आणि तिथे दुसऱ्या कंपनीचा साधा फ्लॅश पेटतच नाही.

भर उन्हात फ्लॅश लावायचा म्हटलं की हसतात लोक, पण खरं तर तिथे तो जास्त कामाचा. दुपारी बारा वाजता लग्नाच्या मांडवाबाहेर टोपी घातलेल्या मामांचा फोटो काढा, कपाळापासून नाकापर्यंत सावलीचा पट्टा, डोळेच गायब. इथे फ्लॅशने त्या सावलीत थोडा उजेड भरायचा, फिल फ्लॅश. अडचण ही की उन्हात आयएसओ १०० ला १/२०० धरलं तर एफ ११ करावं लागतं, आणि ९ भागिले ११ म्हणजे फ्लॅश एक मीटर पण पोचत नाही. अर्थात इथे पूर्ण ताकद नकोच असते, थोडा उजेड पुरतो, म्हणून दीड मीटरवर उभं राहिलं तर काम होतं. एव्हीमध्ये एफ ४ वर ठेवून बॅकग्राउंड ब्लर करायला जाल तर शटरचा आकडा १/२०० वर लुकलुकत राहील आणि फोटो पांढराधोप होईल. संध्याकाळ मात्र सोन्यासारखी. गणपतीपुळ्याच्या बीचवर सूर्य मागे टेकलाय, आकाशासाठी एक्स्पोजर धरा, फ्लॅश उणे एक, दोन मीटरवर माणूस, असा फोटो मोबाइलने प्रयत्न करून बघा आणि मग कॅमेऱ्याने.

रेड आय बद्दल थोडक्यात. अंधारात बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ, त्यामुळे उजेड सरळ आत जाऊन मागच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन सरळ लेन्समध्ये परत येतो. रेड आय रिडक्शन लावलं की कॅमेरा आधी एक दिवा लावून बाहुल्या लहान करतो. चालतं, पण बटण दाबणं आणि फोटो यात जो वेळ जातो त्यात हसू ओसरतं. मी ते बंदच ठेवतो, खोलीतले सगळे दिवे लावायला सांगतो, बाहुल्या आपोआप लहान.

आणि कॅनन वापरणाऱ्यांनो, अंधारात अर्धं बटण दाबलं की फ्लॅश तडतडतडतड असा वाजत चमकतो तो बिघाड नाही, फोकस दिसावा म्हणून तो उजेड पाडतोय. आमच्याकडे एका काकांनी त्यालाच पोज दिली होती. फोटोच्या खालच्या बाजूला अर्धगोल काळी सावली येत असेल तर लेन्सवरचं हूड काढा, फ्लॅश त्याच्यावर अडतोय. मंगलाष्टकं चालू असताना उगाच पाहुण्यांवर फ्लॅश उडवत बसू नका, त्याला परत चार्ज व्हायला दोनतीन सेकंद लागतात आणि अंतरपाट नेमका तेव्हाच खाली येतो.

लक्ष्मीपूजनाला तर फ्लॅश नकोच. पणतीचा उजेड एकदम केशरी, साधारण २००० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) आसपास, आणि फ्लॅश दुपारच्या उन्हासारखा, साडेपाच हजार. दोन्ही एकत्र आले की एकतर चेहरे निळसर नाहीतर पणत्यांची जादू गेलेली. फ्लॅश हवाच असेल तर त्याच्यावर केशरी जिलेटिन कागदाचा तुकडा चिकटवा आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग कोणत्या उजेडाप्रमाणे धरायचे ते सेटिंग, बल्बच्या चिन्हावर आणा, रंग बऱ्यापैकी जुळतात. टिशू पेपर लावायचा सल्ला सगळे देतात, त्याने उजेड नुसता कमी होतो, मऊ फारसा होत नाही, कारण उजेडाचा तुकडा होता तेवढाच लहान राहतो. मऊ करायचा तर तो मोठ्या पांढऱ्या पृष्ठभागावरून आपटवून आणायचा, म्हणजे बाउन्स. वेगळा फ्लॅश असेल तर डोकं वर करून पांढऱ्या स्लॅबवर मारा. नसेल तर एक जुगाड, घरात पडलेली जाड पांढरी लग्नपत्रिका छोट्या फ्लॅशसमोर तिरकी धरा, उजेड वर जाऊन स्लॅबवरून खाली येतो. खूप उजेड वाया जातो, आयएसओ १६०० वगैरे लागतं, पण चेहरा गिरणीतला दिसत नाही. लाल कापडाच्या मांडवात हे करू नका, सगळे शेंदूर फासल्यासारखे येतात, हे मी करून बसलोय.

बारशाला मी पत्रिका घेऊनच गेलो होतो. एम, १/५०, एफ ४.५, आयएसओ १६००. पाळण्याच्या माळा आल्या, मागची भिंत आली, भाची माणसासारखी दिसली. ताईने सगळे बघितले आणि म्हणाली, "सासूबाईंचे डोळे प्रत्येक फोटोत मिटलेत." ते त्या चाचणी फ्लॅशमुळे, काही लोकांची पापणी इतकी चपळ असते की पहिल्या चमकेला मिटते आणि खरा फ्लॅश पडेपर्यंत मिटलेलीच राहते. त्यालाही एक बटण आहे, कॅननवर चांदणीच्या खुणेचं, एफई लॉक, निकॉनच्या काही मॉडेलमध्ये एफव्ही लॉक. ते दाबलं की चाचणी फ्लॅश तेव्हाच पडून जातो, सासूबाई डोळे मिटतात, उघडतात, मग तुम्ही निवांत शटर दाबायचं.